गंज आणि गंजी

पाईप या विषयावर आता आमच्याकडे कुणी बोलायला लागलं की मी उठून कपडे मोजायला जाते. जवळजवळ एक वर्ष मी दुसरं काही बोलले नाही. पाहुणे आले तर त्यांना पाईप, भाजीवाली आली तर तिला पाईप, देवळात कुणी प्रकृती विचारली तरी मी पाईपचंच सांगायची. माणसाला एखाद्या गोष्टीचा कंटाळा येऊन येऊन किती येऊ शकतो, हे मला धुराड्यातल्या पाईपने शिकवलं.

बेंगळुरात, चामराजपेटेत, खाली लाँड्री आणि वर घर, असं आमचं आयुष्य गेलं. खाली धुण्याची दोन मोठी मशिनं, इस्त्रीची टेबलं, हॉटेलांच्या चादरी दाबून वाळवणारा गरम रोलर, गंजीची टाकी. मागच्या खोलीत वाफेचा बॉयलर. त्याचं विटांचं धुराडं वडिलांनी बांधून घेतलं होतं. मागच्या गल्लीची जागा आमची नव्हती म्हणून त्यांनी ते बाहेरून न नेता घरातूनच वर काढलं. पहिल्या मजल्यावर ते अक्काच्या खोलीच्या भिंतीत शिरतं आणि तसंच गच्चीवर निघतं.

अक्का माझी मोठी बहीण, अकरा वर्षांनी मोठी. लग्न तिने केलं नाही, मीही केलं नाही, आणि विचारणारे सगळे विचारून थकले. कामाची वाटणी कुणी न सांगताच झाली. गंजी आणि इस्त्री तिची, मशिनं, बॉयलर आणि सरकारी कागद माझे. गंजी म्हणजे कपड्यांची खळ. हा शब्द कन्नड आहे. आमच्या घरी खळ असं कुणी म्हणत नाही.

अक्काच्या खोलीतली ती भिंत दिवसभर उबदार असायची. हात लावला की ताज्या भाकरीच्या टोपलीला हात लावल्यासारखं वाटायचं. दुपारी जेवण झालं की अक्का चटई पसरून त्या भिंतीला पाठ लावून बसायची. चाळीस वर्षं उभ्याने इस्त्री केलेली ती पाठ. डॉक्टर झाले, तेलं झाली, पट्टे झाले, कशानेच तिला त्या भिंतीइतकं बरं वाटलं नाही. "ही भिंत आहे म्हणून मी आहे," असं ती म्हणायची. मी ते हसण्यावारी न्यायची. माझ्या डोक्यात त्या वेळी तेल, पाणी, वीज, हॉटेलचे मॅनेजर असं बरंच काही असायचं.

पूर्वी बॉयलर लाकडावर चालायचा. मग आजूबाजूला अपार्टमेंटं आली, त्यांच्या बाल्कन्यांत धूर जायला लागला आणि तक्रारी सुरू झाल्या. शेवटी आम्ही बॉयलर बदलून डिझेलवर चालणारा घेतला. तो बसवणाऱ्याने जाताना बजावलं की तेलाचा धूर विटांच्या धुराड्यात नुसता सोडायचा नाही, आतून धातूचा पाईप घालून घ्यायचा. मी म्हटलं, घालू. तेव्हा मला वाटलं होतं, पाईप म्हणजे पाईप, त्यात काय एवढं निवडायचं.

गल्लीच्या टोकाला एक पत्र्याचं काम करणारा होता. एअर कूलरच्या खोक्यांपासून देवळाच्या छत्रीपर्यंत सगळं करायचा. त्याला बोलावलं. तो आला, गच्चीवरून आत डोकावला, खाली आला आणि गंजीच्या टाकीजवळ उभं राहून त्याने मला दोन प्रकार सांगितले. एक साधा, जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा. दुसरा स्टीलचा, वरून न जळणारी दगडी लोकर गुंडाळलेला. दुसऱ्याने भिंत थंड पडते, असंही तो म्हणाला. अक्का तिथेच टाकीत लाकडी दांड्याने गंजी ढवळत होती.

मला एकच काळजी होती, पाईप टिकेल की नाही. म्हणून मी त्याला कन्नडमध्ये विचारलं, "इदक्के गंज हिडियत्ता?" याला गंज धरेल का?

तो म्हणाला, "इल्ल अक्का, गंजी हिडियल्ल. नैस इरत्ते." नाही धरणार, गुळगुळीत असतो. इकडे कुठल्याही बाईला अक्काच म्हणतात.

अक्काने ढवळणं थांबवून एकदा वर बघितलं. मग पुन्हा ढवळायला लागली. मी म्हटलं, सरी, ठीक आहे, मग साधाच घाल.

इथे आमच्या भाषेबद्दल सांगायला हवं. आमचे कुणी पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. आम्ही घरी मराठी बोलतो असा आमचा समज आहे. एकदा पुण्याच्या एक बाई घरी आल्या होत्या, त्या अर्धा तास ऐकून म्हणाल्या, तुमची भाषा गोड आहे, पण मला स्वल्पच कळली. स्वल्प हा शब्द त्या आमच्याकडूनच शिकल्या होत्या. तर अशा घरात कुठला शब्द कुठून आला याचा हिशेब कुणी ठेवत नाही. गंज हा शब्द मी जन्मापासून बोलत आले, आणि तो कन्नडमध्येही गंजच असणार, असं मी कधी ठरवलं कुणास ठाऊक. गंजाला कन्नडमध्ये तुक्कु म्हणतात, आणि तो शब्द मला येत नव्हता असंही नाही. बसच्या खिडकीला, गेटला, सायकलला मी तुक्कु म्हणत आले आहे. पण त्या दिवशी तोंडातून आपला घरचा शब्द निघाला आणि मला पत्तासुद्धा लागला नाही. समोरच्याने ऐकलं गंजी. लाँड्रीवाली बाई गंजीच्या टाकीजवळ उभी राहून पाईपला गंजी चिकटेल का असं विचारते आहे, यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

तीन वर्षं ठीक गेली. म्हणजे मला ठीक वाटली. मग अक्काच्या भिंतीवर छताजवळ एक तपकिरी डाग आला. मी पावसाचं पाणी समजून गच्चीवर डांबर लावून घेतलं. डाग वाढला. त्याला चहा सांडल्यासारखी कड आली आणि खोलीत जळक्या तेलाचा वास येऊ लागला. वास आम्हाला नवा नव्हता, लाँड्रीत बसणाऱ्याला सगळ्या वासांची सवय असते, म्हणून तेही राहिलं.

मग अक्काचं डोकं दुखायला लागलं. दुपारी विश्रांती घेऊन उठली की डोकं जड, उलटीसारखं व्हायचं, आणि खोकला. डॉक्टरांनी डोळे तपासले, रक्त तपासलं, वय झालं म्हणाले. खोकला लाँड्रीच्या वाफेचा असेल म्हणाले. अक्का तक्रार करणारी नव्हे. "स्वल्प डोकं आहे," एवढंच म्हणायची आणि पुन्हा जाऊन त्याच भिंतीला टेकायची. बरं वाटावं म्हणून.



माझ्या लक्षात आलं ते असंच, एका सोमवारी. सोमवारी लाँड्री बंद असते. अक्का दुपारभर भिंतीला टेकून शेंगा सोलत बसली होती आणि संध्याकाळी मला म्हणाली, आज डोकं छान आहे. मी मागचे सोमवार आठवायचा प्रयत्न केला. कुठल्याच सोमवारी तिने गोळी घेतलेली मला आठवेना. सोमवारी बॉयलर बंद असतो, हे लक्षात यायला मला जितका वेळ लागला तितका लागायला नको होता.

मंगळवारी सकाळी मी बॉयलर लावलाच नाही. बर्नर दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. हा निपाणीकडचा, बेंगळुरात येऊन बरीच वर्षं झालेला, पण बोलणं अजून तिकडचंच. तो गच्चीवर गेला, टॉर्च आणि फोन दोरीला बांधून धुराड्यात सोडला, चित्रीकरण करून वर ओढला आणि मला दाखवलं. फोनच्या पडद्यावर माझ्या पाईपला ठिकठिकाणी भोकं पडलेली होती. शिवणीवर तर पत्रा पापडासारखा सुटला होता.

"ताई, पाईप पार गंजलाय की," तो म्हणाला.

मी म्हटलं, "गंजणार कसा? मी तेव्हाच विचारलं होतं. तो म्हणाला गंज धरत नाही."

"कुठल्या भाषेत विचारलात?"

"कन्नडमध्ये."

तो गच्चीच्या कठड्यावर बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. "कन्नडमध्ये काय म्हणालात?"

मी सांगितलं. मला वाटतं, सांगता सांगताच मला कळलं. त्याच्या तोंडून गंजलाय हे ऐकलं तेव्हाच तो शब्द मला पहिल्यांदा मराठी वाटला होता, परक्या गावात आपल्या गल्लीतलं माणूस दिसावं तसा. तो भला माणूस हसला नाही. मान खाली घालून दोरी गुंडाळत राहिला.

मी तरी भांडायला गेलेच. पत्रेवाला दुकानाच्या पायरीवर डबा उघडून जेवत होता. मी म्हटलं, तू म्हणालास धरत नाही, आणि तीन वर्षांत पाईप संपला. त्याने घास खाली ठेवला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "गंजी हिडिदिद्या अक्का?" पाईपला खळ चिकटली आहे का, असं तो मला विचारत होता. मी नाही म्हटलं. खरंच चिकटलेली नव्हती. मग मी तुक्कु म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. "तुक्कु अंत हेळबेकित्तु अक्का," तो म्हणाला. तुक्कु असं म्हणायला हवं होतं तुम्ही. त्यात त्याची चूक काय होती? मी घरी परत आले. रस्त्यात मला रडू आलं, ते त्याच्यामुळे नव्हतं.

बर्नरवाल्याने एक गोष्ट स्पष्ट सांगितली. पाईप नीट बसेपर्यंत बॉयलर लावायचा नाही, आणि लावला तर त्या खोलीत कुणी बसायचं नाही. त्या भोकांतून धुराबरोबर येणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, माणसाला नुसती झोप येते. "मावशी दुपारी झोपतात का तिथं?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. 

अक्काला मी हॉलमध्ये हलवलं. हॉटेलांचे कपडे हेब्बाळच्या एका लाँड्रीला देऊन टाकले आणि पाईप शोधायला निघाले. अक्काला तिच्या खोलीत परत बसता यावं, आणि बसून ती उठावी, एवढंच मला हवं होतं. ऐकायला किती सोपं वाटतं.

पहिल्याच दुकानात मला विचारलं, सर नाहीत का? दुसऱ्या दुकानात मला स्वयंपाकघराच्या चिमणीचे पाईप दाखवले. तिसऱ्या दुकानात चमकता पाईप दाखवून म्हणाले, हे स्टील, चांगलं, घेऊन जा. मी म्हटलं, कुठलं स्टील? म्हणाले, स्टील म्हणजे स्टीलच ना मॅडम. मी पीण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत गेले, बसने, दोनदा बस बदलून. तिथल्या शेडमधून फिरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तुटक्या चपलेने मी आणखी चार शेड पाहिल्या, कारण परत यायला अंगात बळ लागलं असतं.

बर्नरवाल्याने मला समजावून सांगितलेलं मी वहीत लिहून घेतलं होतं. "डिझेलच्या धुरात पाणी असतंय ताई, आणि गंधकाचं ॲसिड असतंय. धूर गरम आहे तोवर काही नाही. गार झाला की घाम सुटल्यासारखं ते पाईपला चिकटतंय आणि पाईप खातंय." म्हणून पत्रा बाद. साधं तीनशे चार नंबरचं स्टील भांड्यांना चांगलं, पण या ॲसिडपुढे त्याला बारीक बारीक टोचल्यासारखी भोकं पडतात. तीनशे सोळा नंबरचं घ्यायचं. गंमत अशी की दोन्ही सारखीच चमकतात. एका दुकानदाराने मला लोहचुंबक लावून बघा म्हणून सांगितलं. मी फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक पर्समध्ये घेऊन आठवडाभर हिंडले. गणपती दोन्हींना चिकटेना. मग कळलं की तो चिकटतच नाही, तीनशे चार असो की तीनशे सोळा. शेवटी मी दुकानदारांना पत्र्याबरोबर कारखान्यातून येणारं तपासणीचं सर्टिफिकेट मागायला शिकले. ते मागितलं की निम्मे दुकानदार फोन आल्याचं नाटक करून आत जात.

रुंदीचाही घोळ. मला वाटायचं, मोठा पाईप बरा, धूर मोकळा जाईल. तर नाही. आमच्या बर्नरला सहा इंच पुरे. आठ इंची घातला तर धूर त्यात रमतगमत जाणार, गार होणार आणि पुन्हा तीच रड. शिवाय आमच्या धुराड्याला वरच्या बाजूला थोडी वाकडी मान होती. गच्चीच्या स्लॅबचा बीम आडवा आला तेव्हा वडिलांच्या गवंड्याने धुराडं थोडं बाजूला घेतलं होतं. सरळ पाईपचे तुकडे त्या वळणातून उतरणार नव्हते. ते घालायचे तर अक्काची भिंत फोडावी लागणार. म्हणून वळणारा, चुण्यांचा पाईप. त्यातही एकपदरी आणि दुपदरी. दुपदरी आतून गुळगुळीत असतो, चुण्यांत काजळी अडकत नाही.

हे सगळं मी अक्काला रोज रात्री जेवताना सांगायची. ती ऐकून घ्यायची. तिचं डोकं दुखायचं थांबलं होतं आणि पाठ दुखायला लागली होती. हॉलमध्ये ती कधी या खुर्चीत, कधी त्या खुर्चीत बसायची, दोन उशा लावून, मग एक काढून. गरम पाण्याची पिशवी आणली तर रबराचा वास येतो म्हणून ती पायाशी ठेवायची.

शेवटची गोष्ट राहिली होती, गुंडाळायची. बर्नरवाला ज्या दिवशी मापं घ्यायला आला त्या दिवशी अक्का स्वतः जिना चढून खोलीत आली.

"नुसताच घाल," ती मला म्हणाली. "चांगल्या स्टीलचा घेतेसच ना? मग लोकर कशाला? साकु, पुरे तेवढं."

"लोकर लागतेच मावशी," बर्नरवाला म्हणाला. "पाईप आतून गरम राहायला पाहिजे."

"गुंडाळलं तर भिंत गार पडेल."

"भिंत गार पडायलाच पाहिजे. भिंत गरम लागती म्हणजे धूर गार होतोय, आणि धूर गार झाला की पाईप गेला."

अक्काने भिंतीवर हात ठेवला. बॉयलर महिनाभर बंद होता, त्यामुळे भिंत तेव्हाही गारच होती. "चाळीस वर्षं गरम होती," ती म्हणाली. "मला काही झालं नाही." मग खोकली.

मी अक्काशी सहसा वाद घालत नाही. घातला तर हरते. त्या दिवशी मी म्हटलं, लोकर घालायची. आवाज चढवून म्हटलं. ती खाली गेली आणि मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. मला ती हवी होती. भिंतीचं नंतर बघू, असं मी मनाशी म्हटलं, आणि नंतर बघू म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं.

पाईप रविवारी बसवला. जुना पाईप निघाला तो तुकड्यातुकड्यांनी. नव्याच्या टोकाला लाकडी शंकू लावला, शंकूला दोर, दोर धुराड्यातून खाली बॉयलरच्या खोलीत. गच्चीवर त्याचे दोन कन्नड मदतनीस पाईप सोडत होते, खाली बर्नरवाला दोर ओढत होता, आणि मी मध्ये, अक्काच्या खोलीत, भिंतीला कान लावून उभी. लोकर गुंडाळलेला पाईप भिंतीआडून सरकत होता, पोत्यात कुणी पाय ओढत चालावं तसा आवाज. वळणाशी अडकला. वरून ओरडले, स्वल्प हिंदे, थोडं मागे. खालून बर्नरवाला ओरडला, सोडा की. मी दोघांच्या भाषा एकमेकांना ओरडून सांगितल्या आणि या वेळी प्रत्येक शब्द आधी मनात दोनदा तपासला. तिसऱ्यांदा पाईप उतरला. वर पावसाची टोपी बसवली, खाली पाणी निघायला नळी काढली, सांधे बंद केले. बर्नरवाल्याने अक्काच्या खोलीत वायू मोजायचं यंत्र ठेवलं, खाली बॉयलर पेटवला, आणि आम्ही तिघं तासभर त्या यंत्राकडे बघत बसलो. त्यावर शून्यच राहिलं. मी चहा केला.

अक्काने भिंतीला हात लावला. मग गाल लावला. मग चहा प्यायली.

त्यानंतर ती त्या खोलीत झोपायला जायची, पण दुपारी बसायला जायची नाही. मी रंग लावून घेतला, डाग गेला, तरी नाही. डिसेंबर आला. सकाळी फरशी पायाला गार लागायची. एका दुपारी मी चिडून विचारलं, की त्या खोलीसाठी मी सगळं गाव पालथं घातलं आणि तू तिथे बसत का नाहीस.

"काय करू बसून?" ती म्हणाली. "साध्या भिंतीला टेकायचं तर ही पण भिंतच आहे."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्या दिवशी मी ऐकलं होतं."

"काय?"

"तू पत्रेवाल्याला गंज म्हणालीस. तो गंजी म्हणाला. मला तेव्हाच कळलं. तुला कळलं नाही."

मला आधी अर्थच लागेना. अक्काचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे, आयुष्यभर ती इस्त्रीवाल्या बायकांत बसली. तिला कळणारच. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू दुसरा घातला असतास. गुंडाळलेला." तिने साडीचा पदर मांडीवर सारखा केला. "तो म्हणाला ना, भिंत थंड पडते."

मला भयंकर राग आला. ती मेली असती. महिनोन्महिने ती रोज दुपारी स्वतःहून जाऊन त्या विषाला पाठ लावून बसत होती, आणि मी स्वतःला शिव्या घालत पीण्याच्या शेडमधून तुटक्या चपलेने फिरत होते. एका शब्दाचं सगळं ओझं मी एकटीने वाहिलं होतं. मी खाली गेले. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. ती मात्र नेहमीसारखीच बोलत होती, त्याचा आणखी राग आला.

पण राग धरायलाही जोर लागतो, आणि माझ्यात तो उरलेला नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलच्या चादरी रोलरमधून निघत होत्या आणि मी घड्या घालत होते. हातात एक घडी होती, गरम, कडक, अजून वाफ असलेली. आयुष्यभर अशा घड्या घातल्या. माझे हात त्या उबेला इतके सरावले आहेत की ती मला कधी जाणवतच नाही. त्या दिवशी जाणवली. अक्काला चाळीस वर्षं भिंत गरम मिळत होती, तिने माझ्याकडे कधी दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि जे एकच होतं ते मी लोकरीत गुंडाळून टाकलं होतं.

मी घडी छातीशी धरून जिना चढले. अक्काला हाताला धरून तिच्या खोलीत नेलं, चटई पसरली, तिला बसवलं, आणि पाठ आणि भिंत यांच्यामध्ये ती चादर सरकवली. ती डोळे मिटून बसली. मग पाठ थोडी हलवली, पुन्हा हलवली.

"हिला गंजी आहे," ती म्हणाली. "टोचतं."

मी खाली जाऊन गंजी नसलेली आणली.

"स्वल्प वर," ती म्हणाली. मी चादर स्वल्प वर सरकवली. अर्ध्या तासात ती थंड होते. मग मी दुसरी नेते.